हातगुणाचा आकडा

आमच्या वडवळीत डॉक्टरांचे दोन प्रकार मानतात. शिकलेले, आणि हाताला गुण असलेले. शिकलेल्या डॉक्टरकडे लोक रिपोर्ट घेऊन जातात, गुण असलेल्याकडे आजार घेऊन. नेजकर डॉक्टर दुसऱ्या प्रकारातले. पदवी त्यांच्याकडेही आहे, भिंतीवर टांगलेली आहे, पण ती कशाची आहे हे गावात कुणी वाचलेलं नाही. तशी वेळच आली नाही.

माझं मेडिकल त्यांच्या दवाखान्याच्या बरोब्बर समोर. औषधाच्या काउंटरमागे आयुष्य काढलेल्या माणसाला एक खोड लागते. समोर येईल त्याच्या नावे तो मनातल्या मनात जमा आणि खर्च मांडत बसतो. नेजकर डॉक्टरांच्या खर्चाच्या बाजूला मी हट्टीपणा मांडला होता, गार झालेला चहा पुन्हा गरम करायला लावायची सवय मांडली होती, आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरविषयी बरा शब्द न काढणं मांडलं होतं. स्टँडजवळच्या पाच्छापुरे डॉक्टरांविषयी तर नाहीच नाही. जमेच्या बाजूला एकच गोष्ट होती, पण ती भारी होती. त्यांच्याशी कुणी खोटं बोलत नसे. बायकोपासून लपवलेली तंबाखू नवरे त्यांच्यापुढे कबूल करत, आणि सासूसाठी धरलेले उपास आपण कसे मोडतो हे सुना त्यांना हसत हसत सांगत. ते रागवत नसत असं नाही. चांगलेच रागवत. तरी लोक खरंच सांगत.

आणि एक रीत होती. चिठ्ठी घेऊन माणूस माझ्याकडे यायचा, औषध घ्यायचा, आणि घरी न जाता परत रस्ता ओलांडून दवाखान्यात शिरायचा. पहिली गोळी डॉक्टरांच्या हातूनच घ्यायची. डॉक्टर पाकीट फोडायचे, गोळी तळहातावर ठेवायचे आणि समोरचा पाणी पिईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचे. उरलेलं पाकीट घरी देवापुढे ठेवलं जायचं. पुढे जे झालं ते याच रीतीतून झालं, म्हणून ती आधी सांगितली.

वडवळी मागांचं गाव. आताचे माग तुटलेला धागा स्वतःच जोडतात, मालक सांगलीत बसून फोनवर कापड मोजतो, पण नळाला पाणी मात्र अजून दिवसाआडच येतं. उन्हाळ्यात नदी आटली की त्या पाण्याबरोबर टायफॉईड येतो. माझ्या वडिलांच्या वेळी ज्या गोळीने हा ताप उतरायचा, ती आताचा जंतू खडीसाखरेसारखी चघळतो. तिच्यानंतर आलेलं इंजेक्शनही त्याने पचवलं. मी सांगतोय त्या उन्हाळ्यापर्यंत त्याच्यावर चालणारी दोनच नवी औषधं हातात उरली होती. एक पांढरी गोळी, एक गुलाबी. नेजकर डॉक्टर गुलाबीच्या बाजूचे, पाच्छापुरे पांढरीच्या. दोघांनाही शंभर टक्के खात्री होती, आणि दोघांच्याही खात्रीला एकमेकांच्या विरोधापलीकडे फारसा आधार नव्हता.

अशा वेळी डॉक्टरांची मुलगी मैथिली पुण्याहून परत आली. तीही डॉक्टर, पण तिचा विषय निराळा. कोणता उपचार कोणत्यापेक्षा सरस, हे शोधायचं शास्त्र. येताना तिने एक यंत्र आणलं आणि ते माझ्या दुकानात बसवलं. दिसायला साधी लोखंडी पेटी. पेशंटने अंगठा टेकवला की खालच्या खणात पांढरं नाही तर गुलाबी पाकीट पडायचं. गावाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव तराजू ठेवलं.

हे तराजू प्रकरण थोडं समजून घेतलं पाहिजे. औषध चांगलं की वाईट हे कसं कळतं? पेशंट बरा झाला की कळतं, असं आपण म्हणतो. पण टायफॉईडची काही माणसं कशानेही बरी होतात, आणि काही इतकी उशिरा येतात की कशानेच लवकर होत नाहीत. शिवाय डॉक्टरने मनाशी धरलेलं असतं की गुलाबी गोळी जालीम. मग तो ती जास्त आजारी माणसाला देतो. तो माणूस सावकाश बरा होतो आणि नाव गुलाबीचं खराब होतं. म्हणजे गोळ्यांची तुलना करायला बसावं आणि माणसांचीच होऊन जावी. यावर उपाय एकच, कुणाला कोणती गोळी हे कुणाच्याही मर्जीवर न ठेवता नशिबावर सोडायचं. हे शास्त्र जुनंच आहे. तराजूने त्यात वेग आणला. जिल्ह्यातले सगळे दवाखाने त्याला जोडलेले. पेशंटच्या दंडावर एक छोटी पट्टी चिकटवायची, ती ताप मोजत राहते, आणि गोळी घेतली का हे त्याचा फोन त्याला रोज विचारतो. बोटातला रक्ताचा थेंब अंगात अजून किती जंतू दडलेत ते सांगतो. बऱ्या झालेल्या प्रत्येक माणसागणिक तराजू शिकतो आणि पुढच्याला, ज्या गोळीचं पारडं जड होत चाललंय तिच्या बाजूने किंचित झुकतं माप देतो. पुरेशी खात्री झाली की हरलेली गोळी बंद.

नेजकर डॉक्टरांना हे मुळीच पटलं नाही. माझ्या काउंटरवर गार चहा समोर ठेवून ते म्हणाले, “उभ्या जन्मात मी चिठ्ठी काढून औषध दिलेलं नाही.”

“पप्पा, तुम्हीही चिठ्ठीच काढत होता,” मैथिली म्हणाली. “फक्त ती औषध कंपनीच्या माणसाच्या बॅगेत असायची.”

मी बरण्या पुसायला घेतल्या. बापलेकीच्या बोलण्यात बरण्या पुसणं बरं पडतं.

मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. गोळ्यांची तुलना चोख व्हायची तर बाकी सगळं वजा करावं लागतं. पेशंटचं वय, ताप किती दिवस अंगावर काढला, कुठल्या आळीचं पाणी. आणि डॉक्टर कोण. हे सगळं वजा करत गेलं की प्रत्येक डॉक्टरच्या नावापुढे एक आकडा उरतो. गोळी तीच, पेशंट तसाच, तरी या डॉक्टरकडे तो किती लवकर किंवा किती उशिरा बरा होतो, त्याचा आकडा. शास्त्रात त्याला काहीतरी लांबलचक नाव आहे.

“म्हणजे हातगुण,” मी म्हटलं.

मैथिली हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला आणि विचारलं, “हा आकडा माझाही निघेल?”

“निघेल. आणि शून्य निघेल, पप्पा. चांगल्या डॉक्टरांचाही शून्याच्या आसपासच निघतो.”

“आणि नाही निघाला तर?”

तिथेच पैज लागली. आकडा शून्य आला तर डॉक्टरांनी खुर्ची सोडायची, दवाखाना मैथिलीने चालवायचा, तिच्या पद्धतीने. शून्याच्या वर आला तर तिने त्यांच्या खुर्चीकडे, चिठ्ठीकडे आणि पहिल्या गोळीकडे ते आहेत तोवर बोट दाखवायचं नाही. साक्षीला मी. मुलीने बापाचं काम काढून घ्यायला शास्त्राची मदत घ्यावी आणि बापाने ते वाचवायला त्याच शास्त्रावर भरवसा ठेवावा, यातली गंमत दोघांपैकी कुणालाच दिसली नाही. मला दिसली, पण मला दोघांनाही रोज चहा पाजायचा होता.

आकडा आला तो उन्हाळा सरता सरता. मैथिली फोन हातात घेऊन दुकानात आली आणि तो तिने माझ्यापुढे काउंटरवर ठेवला. जिल्ह्यातल्या सगळ्या डॉक्टरांचे आकडे शून्याला चिकटून बसले होते. पाच्छापुरेंचा तर अगदी शून्यावर. नेजकर डॉक्टरांचा एकट्याचा वर होता. थोडाथोडका नाही, चांगला ठसठशीत वर. गोळी पांढरी असो की गुलाबी, त्यांचे पेशंट इतरांपेक्षा लवकर बरे होत होते.

मैथिलीने तीन वेळा गणित तपासलं. मग रस्ता ओलांडून गेली आणि वडिलांना सांगितलं की पैज तुम्ही जिंकलात. मोठ्या मनाने सांगितलं, हे मी तिच्या जमेला धरतो. हरलेल्या माणसाचा आवाज तिने काढला नाही.

बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स लागला. डॉक्टरांचा जुना फोटो, हात उंचावलेला, आणि खाली ‘विज्ञानानेही मान्य केला हातगुण’. मागवाल्यांच्या संघाने रविवारी कार्यालयात सत्कार ठरवला. पाच्छापुरे डॉक्टरांनाही निमंत्रण गेलं, आणि ते आग्रहाने गेलं.

डॉक्टर खूश दिसायला हवे होते. पहिले एक-दोन दिवस होतेही. चहा गरम असतानाच प्यायले. मग काहीतरी बिनसलं. कारण होतं अंकुश निखाडे. हा नागपूरकडचा मुलगा इथल्या बँकेत बदलून आलेला, एका खोलीत एकटा राहणारा, खानावळीत जेवणारा. टायफॉईड झाला, तराजूने त्याला पांढरी गोळी दिली, पहिली गोळी रीतीप्रमाणे डॉक्टरांच्या हातून झाली, आणि तरी ताप हलायला तयार नव्हता. तो माझ्याच दुकानाच्या पायरीवर बसून डॉक्टरांना म्हणाला, “डॉक्टरसाहेब, साऱ्या गावाले तुमचा हात लागते म्हणतात. माझ्यावरच काहून रुसला?”

डॉक्टरांनी त्याला धीर दिला, दूध-भात खायला सांगितला. तो गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, “शिरगुप्पे, कॉलेजवर नवीन आलेल्या त्या शिंपीबाई आठवतात? त्याही एकट्या. त्यांनाही वेळ लागला. आणि तो एकटा पोस्टमास्तर.” मग स्वतःशीच बोलल्यासारखं, “एकट्या माणसाला माझा हात लागत नाही. हा कसला गुण?”

दुसरा एखादा असता तर हा प्रश्न त्याने सत्कारानंतरसाठी ठेवला असता. यांनी मला स्कूटर काढायला लावली. बरे होत आलेल्या पेशंटला एकदा घरी जाऊन बघू, असं म्हणून आम्ही तारळेकरांच्या घरी गेलो.

तारळेकरांच्या घरची कर्ती बाई म्हणजे रूपालीकाकी. रूपाली हे कधी काळी कॉलेजच्या पोरींचं नाव होतं. आता ते सासवांचं आहे. काकींच्या दोन सुना एकदमच तापाने आडव्या झाल्या होत्या. एकीला पांढरं पाकीट निघालं होतं, दुसरीला गुलाबी. आम्ही आत गेलो तेव्हा काकी देवघरासमोर बसून दोन्ही पाकिटं फोडत होत्या. समोर दोन वाट्या. एका वाटीत एक पांढरी, एक गुलाबी. दुसऱ्या वाटीत तेच. पानात वाढावं तसं चाललं होतं.

डॉक्टर दारातच थांबले. “काकी, हे काय करताय?”

“वाटणी,” काकी म्हणाल्या. त्यांना यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. “दोन सुना आहेत, डॉक्टर. एकीला एक, दुसरीला दुसरं, असं चालतंय होय? उद्या एक उठून बसली नि दुसरी राहिली, तर म्हणेल सासूने बरं औषध तिला दिलं. साडी आणली तरी मी दोन आणते. ह्या तर तुमच्या हाताच्या गोळ्या. त्या एकटीनेच खायच्या नसतात.”

“आणि फोन रोज विचारतो, गोळी घेतली का? त्याला काय सांगता?”

“घेतली म्हणून सांगतात पोरी. घेतातच की.”

डॉक्टर तिथेच पाटावर बसले. मला वाटलं आता फटकारतील. पण ते दोन वाट्यांकडे बघत राहिले, आणि चेहऱ्यावर राग नव्हता. मग सुनांना त्यांनी बरंच विचारलं. ताप कधी उतरला, पोट कसं आहे, कोणी किती गोळ्या घेतल्या. शेवटी काकींनी विचारलं, “चुकलं का काही? मग तुम्हीच दोघींना सारखंच का नाही दिलं?”

परत येताना ते स्कूटरवर मागे बसून एकच वाक्य दोनदा बोलले. “बाई विचारते ते बरोबर आहे.”

रस्त्यातच त्यांनी मला समजावलं, आणि मला समजलं ते असं. टायफॉईडचा जंतू मोठा वस्ताद. शरीर त्याला पकडायला पांढऱ्या पेशी पाठवतं, तर हा त्या पेशींच्याच आत जाऊन बसतो. चोराने पोलीसचौकीतच मुक्काम करावा तसा. पांढरी गोळी पेशींच्या आत शिरते आणि तिथे बरेच दिवस टिकून राहते, पण बाहेर रक्तात तिचा जोर कमी. गुलाबी रक्तात पहारा देते, पण चौकीच्या आत तिला प्रवेश नाही. एकच गोळी घेतली तर चोराला एक वाट मोकळी राहते. दोन्ही घेतल्या तर दोन्ही वाटा बंद. एकट्या निखाडेशी वाटून घ्यायला कुणी नव्हतं. ज्यांच्या घरी दोघं आजारी होते आणि दोघांना वेगळी पाकिटं निघाली होती, त्या घरांत वाटणी झाली. पाच्छापुरेंच्या पेशंटनी वाटणी केली नाही, कारण त्यांच्या गोळ्या नुसत्या गोळ्या होत्या. नेजकर डॉक्टरांच्या गोळ्या प्रसाद होत्या, आणि आमच्याकडे प्रसाद कुणी एकट्याने खात नाही.

“म्हणजे गुण हातात नव्हता,” मी म्हटलं. “वाटीत होता.”

“आणि अर्धा अर्धा डोस होता,” ते म्हणाले. “या खेपेला निभावलं. असंच चालू राहिलं तर त्यातून वाचलेला एखादा जंतू दोन्ही गोळ्यांची ओळख घेऊन बाहेर पडेल. मग ना पांढरी राहील, ना गुलाबी.”

हे त्यांच्याशिवाय आणि माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. फ्लेक्स चौकात होता, शाल दुकानातून आली होती, पैज जिंकलेली होती. गप्प बसले असते तर खुर्ची त्यांची होती, मरेपर्यंत. मी त्यांना तसं सुचवलं नाही, पण त्यांनी विचारलं असतं तर सुचवायची माझी तयारी होती, हे खरं.

रविवारी कार्यालय भरून गेलं. पाच्छापुरे डॉक्टर दुसऱ्या रांगेत, दात दुखत असल्यासारखे बसले होते. मैथिली स्टेजवर, वडिलांशेजारी. अध्यक्षांचं भाषण झालं, त्यात हातगुणाबरोबर पुढच्या निवडणुकीचाही उल्लेख झाला. शाल उघडली तेव्हा डॉक्टरांनी हाताने थांबा म्हटलं आणि माईक घेतला.

“शाल नंतर,” ते म्हणाले. “आधी एक काम करा. या उन्हाळ्यात माझ्याकडे टायफॉईडला आलेल्यांत, ज्यांच्या घरात दोघं-तिघं एकदम आजारी पडले, त्यांनी हात वर करा.”

सत्कारात असं कुणी विचारत नाही. तरी हात वर झाले, आणि पुष्कळ झाले.

“आता ज्यांनी आपापल्याच गोळ्या घेतल्या, वाटून घेतल्या नाहीत, त्यांनी हात खाली घ्या.”

एकच हात खाली गेला, सुतार गुरुजींचा. तो त्यांच्या पत्नीने शेजारून मनगटाला धरून पुन्हा वर केला. बाकी सगळे हात जसेच्या तसे उभे. फोनने रोज विचारूनही जे कुणी सांगितलं नव्हतं, ते डॉक्टरांनी एकदा विचारल्यावर सगळ्या गावाने हात वर करून सांगितलं. मी मैथिलीकडे बघत होतो. आधी ती गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं, आणि ती भराभर हात मोजायला लागली.

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. वाट्या, वाटणी, चोर आणि चौकी. आपला आकडा कसा फुगला ते सांगितलं. असं पुन्हा केलंत तर एकेकाच्या घरी येऊन कान उपटीन, हेही सांगितलं. मग म्हणाले, “माझ्या हाताला गुण आहे असं मलाही वाटायचं. या वयात कळलं की तुमच्या वाटणीला होता. शाल रूपालीकाकींना द्या.” आणि खाली उतरले. दुसऱ्या रांगेपाशी क्षणभर थांबून पाच्छापुरेंना काहीतरी बोलले. काय ते मला ऐकू आलं नाही, पण पाच्छापुरेंचा दात दुखायचा थांबला.

बाहेर मैथिली त्यांच्यावर चिडली. चिडण्यासारखंच होतं. तिच्या सगळ्या तुलनेत या वाटणीने पाणी घातलं होतं. पांढरी किंचित पुढे होती, आणि दुसऱ्याच दिवशी मैथिली गुलाबी बंद करणार होती.

“हे तुम्ही मला घरी सांगू शकला असता, पप्पा.”

“घरी तू ऐकलं नसतंस. एका डॉक्टरचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे तूच शिकवलंस. म्हणून हॉलभर माणसं गोळा होऊ दिली.”

बापाने आपलंच शास्त्र आपल्यावर उलटवलेलं मुलीला आवडलं की नाही हे मला ठरवता आलं नाही. ती एवढंच म्हणाली की हातांची ही मोजणीही पुरावा नव्हे, नुसता संशय आहे. डॉक्टर म्हणाले, “मग काढ चिठ्ठ्या.”

तराजू नव्याने लावला गेला. आता तीन पारडी. नुसती पांढरी, नुसती गुलाबी, आणि दोन्ही, पुऱ्या डोसात. एका घरात सगळ्यांना एकच प्रकार, म्हणजे वाटणीला कारणच उरू नये. पैजेचं कुणी नाव काढलं नाही, पण सोमवारी डॉक्टरांनी आपली उशी खुर्चीवरून उचलली आणि पेशंट बसतात त्या बाकावर नेऊन ठेवली. मैथिली खुर्चीत बसली, जरा अवघडून.

बाकावर बसून डॉक्टर काय करायचे? सकाळी आळ्याआळ्यांतून फिरायचे, घराघरात जाऊन आपापली गोळी आपणच घ्या, पुरी घ्या, हे बजावायचे. हे काम त्यांच्याशिवाय दुसऱ्याला जमलं नसतं. आणि त्यांनी पहिली गोळी देणं बंद केलं. रीत फक्त त्यांच्याच दवाखान्याची, ती मध्ये आली तर तुलना चोख राहणार नाही, म्हणून. लोक सवयीने पाकीट पुढे करायचे, तर डॉक्टर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे, शाळेतल्या मुलासारखे. “माझा हात नको यात,” म्हणायचे. लोक नाराज व्हायचे. डॉक्टरांनी हात आखडला, असं रूपालीकाकी माझ्या दुकानात येऊन, शाल पांघरून, म्हणाल्या. मी माझ्या मनातल्या हिशेबात डॉक्टरांच्या जमेला त्या दिवशी आणखी एक गोष्ट मांडली. आयुष्यभर ज्याच्यावर नाव कमावलं तो हात पाठीमागे बांधून ठेवणं सोपं नसतं. कुणी पाहत नसताना त्यांची बोटं तिथे मागे चुळबुळत असायची.

पुढच्या उन्हाळ्यात उत्तर आलं. दोन्ही गोळ्या एकत्र, स्पष्ट सरस. सगळ्या दवाखान्यांत, सगळ्या आळ्यांत, घरात दोघं असोत की माणूस एकटा. मैथिलीने वडिलांपुढे फोन धरला. त्यांनी आधी गोळ्यांचा निकाल वाचला, मग खाली सरकवून डॉक्टरांची यादी वाचली. नेजकर, शून्य. मैथिली काहीतरी बोलणार होती. त्यांनी तिला थांबवलं.

“पाच्छापुरेकडचे पण तितकेच लवकर बरे झाले?”

“तितकेच.”

“बघा शिरगुप्पे,” ते माझ्याकडे वळून म्हणाले, आणि हा माणूस इतका आनंदी मी त्या फ्लेक्सच्या दिवसांतही पाहिला नव्हता. “आता पाच्छापुरेलासुद्धा हातगुण आला.”

तराजूने आपलं काम संपवलं. लोखंडी पेटीतून आता एकाच प्रकारचं पाकीट पडतं, पांढरी-गुलाबी एकत्र. निखाडेची बदली झाली तेव्हा तो जाताना पेढे ठेवून गेला, अर्धे डॉक्टरांना, अर्धे पेटीवर.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मैथिलीला ताप भरला. आता तीही वडिलांबरोबर आळ्यांतून फिरायची, तिथलंच पाणी प्यायची, चुकायचं कसं? रक्ताच्या थेंबाने टायफॉईड सांगितला. तिने पेटीवर अंगठा टेकवला, पाकीट घेतलं आणि रस्ता ओलांडला. मी मागोमाग गेलो, तिचा तोल जाईल असं वाटत होतं म्हणून. ती खुर्चीत बसली नाही. टेबलाला वळसा घालून बाकापाशी गेली, वडिलांशेजारी बसली आणि पाकीट त्यांच्यापुढे धरलं. डॉक्टरांचे हात सवयीने पाठीमागे गेले.

“चाचणी संपली, पप्पा,” ती म्हणाली. “आता लावा हात.”

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या पदवीकडे. मग पाठीमागचे हात पुढे आले. पाकीट फुटलं. त्यांनी दोन्ही गोळ्या तिच्या तळहातावर ठेवल्या, आणि ती पाणी पिईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.